जोडी नको, आठ पिल्लं मागवा

प्रश्न: माझ्याकडे ८० लिटरची टाकी आहे. दोन वर्षं गप्पी आणि प्लॅटी व्यवस्थित चालले आहेत, आता काहीतरी वेगळं हवंय. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे ‘बटरफ्लाय गुडीड’ची पूर्ण वाढलेली जोडी आहे. मादी गाभण आहे, त्यामुळे पिल्लं लगेच मिळतील असं तो म्हणतो. त्याच्याकडेच ‘ब्लॅक बार एंडलर’ची एक नर आणि दोन माद्या अशी तिकडीही आहे. पार्सल यायला दोन दिवस लागतील. माझ्या नळाच्या पाण्याचा जीएच (एकूण कडकपणा) ४, केएच (कार्बोनेट कडकपणा) ३ आणि पीएच ७.२ आहे. हीटर २७ अंशांवर असतो. मागे एकदा असेच मासे मागवले होते. पिशवीत सगळे जिवंत होते. दीड तास थेंबथेंब टाकीचं पाणी देऊन सोडले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मेले. कुठे चुकलं? आणि आता मागवू का?

उत्तर: या रूपात दोन्ही मागवू नका. छंद सोडायचं कारण नाही, ऑर्डर मात्र बदला.

आधी बटरफ्लाय गुडीड. हा अमेका स्प्लेंडेन्स, गुडीड या पिल्लं देणाऱ्या माशांच्या कुळातला, मेक्सिकोतल्या अमेका नदीच्या खोऱ्यातला. मादी आठ-दहा सेंटिमीटरची होते, मासा दिवसभर पळापळ करतो आणि लांब शेपट्या कुरतडायची त्याला खोड असते. ८० लिटर त्याला पुरत नाहीत. दीडशेच्या खाली विचारच करू नका. शिवाय जोडी घेतली की नराचा सगळा ससेमिरा एकाच मादीच्या मागे लागतो. चार माद्या असल्या की तो वाटला जातो, एकटीला दम घ्यायला जागा राहत नाही.

‘गाभण आहे’ ही जाहिरात गप्पीवाल्याला गोड वाटते, गुडीडच्या बाबतीत मात्र ती धोक्याची सूचना आहे. गुडीडची पिल्लं आईच्या पोटात साधारण दोन महिने वाढतात आणि गुदद्वाराजवळून निघणाऱ्या फितीसारख्या तंतूंमधून आईकडून अन्न घेतात. दिवस भरत आलेली मादी पिशवीत दोन दिवस हेलकावे खात आली, तर ती वाटेतच पिल्लं टाकते. अशी अपुऱ्या दिवसांची पिल्लं जगत नाहीत, आणि त्यांच्या सडण्याने पिशवीतलं पाणी खराब होऊन कधी आईही जाते.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा. गप्पीची मादी एकदा नराजवळ राहिली की महिनोन्महिने वीर्य साठवून पिल्लं देत राहते. गुडीडची मादी वीर्य साठवत नाही, प्रत्येक खेपेला नर लागतो. म्हणजे जोडीतला नर मेला की तुमच्याकडचा वंश तिथेच संपला, आणि दुर्मिळ माशाचा दुसरा नर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. म्हणून नेहमी सहा ते आठ अर्धवाढ पिल्लं घ्यावीत, दोन-अडीच सेंटिमीटरची, शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या टाक्यांतली. ती प्रवास जास्त चांगला सोसतात, तुमच्या पाण्यात वाढतात, आणि त्यांचं वय किती हा संशय राहत नाही. ‘पूर्ण वाढलेली जोडी’ म्हणून येणारे मासे पुष्कळदा विक्रेत्याकडे पैदास करून थकलेले असतात.

आता एंडलर. पोइसिलिया विंगेई, २००५ साली या शास्त्रीय नावाने वर्णन झालेला, मूळचा व्हेनेझुएलाचा. गप्पीशी याचा संकर सहज होतो आणि संकराची पिल्लंही पुढे पैदास करतात. तुमच्या टाकीत गप्पी आहेत, एवढ्यावरच हा विषय संपायला हवा: दोन पिढ्यांत तुमच्याकडे ना धड एंडलर राहतील, ना धड गप्पी. पाळणाऱ्यांमध्ये एन, पी आणि के असे तीन वर्ग चालतात. एन म्हणजे मूळ ठिकाणापासून नोंद असलेला शुद्ध वंश, पी म्हणजे दिसायला तसाच पण नोंद नसलेला, के म्हणजे उघड संकर. ‘ब्लॅक बार’ हे नुसतं रंगाचं नाव झालं, त्यातून वर्ग कळत नाही. आणि वर सांगितलेली वीर्य साठवण्याची गोष्ट इथे उलटी फिरते. विक्रेत्याच्या टाकीत त्या माद्या कधीकाळी गप्पी नराजवळ होत्या, तर शुद्ध दिसणारी मादी तुमच्याकडे येऊन गप्पीच्या संकराची पिल्लं देईल. एंडलर हवेच असतील तर गप्पी पूर्णपणे काढा आणि एन वर्गाचे, नोंदीसकट घ्या.

तुमच्या ८० लिटरला आमच्या मते सर्वांत जमेल असा मासा म्हणजे झूगोनेटिकस टकीला. पाच-सहा सेंटिमीटरचा, नराच्या शेपटीवर नारिंगी चंद्रकोर, मादी साधी करडी. हाही मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यातला, तेउचितलान नदीचा. १९९८ साली त्याचं वर्णन झालं तेव्हाही मूळ ठिकाणी तो जवळपास संपलेला होता. मत्स्यालयांत जपलेल्या माशांच्या पैदाशीतून मेक्सिकोतल्या विद्यापीठाने आणि इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयाने तो नदीत परत सोडला. छंदात फिरणारे मासे मोजक्या पूर्वजांपासून आलेले आहेत, म्हणून तो कुणाकडून आला याची चौकशी हौसेपुरती नाही. तो न मिळाल्यास स्किफिया मल्टिपंक्टाटा बघा, आकार आणि गरजा जवळपास त्याच.

दोघांनाही २७ अंश जास्त आहे. मासे लगेच मरत नाहीत, पण आयुष्य आखडतं, माद्या लवकर थकतात आणि पिल्लं कमी होतात. हीटर रोज एक अंश याप्रमाणे २२-२३ वर आणा. थंडीत १९-२० पर्यंत उतरलं तर बरंच. खोलीच मुळात गरम राहत असेल आणि पाणी २७च्या खाली येतच नसेल, तर गुडीडचा नाद सोडून लिमिया नायग्रोफॅसिआटा घ्या. तो हैतीचा, उबेत रमणारा. फक्त त्याला मॉलीबरोबर ठेवू नका, दोघांचं नातं फार जवळचं आहे. गुडीड आणि गप्पी यांचा संकर होत नाही, कारण कुळंच वेगळी. तरी गप्पींच्या शेपट्या वाचवायच्या असतील तर त्यांना दुसरी टाकी द्या.

विक्रेत्याला पैसे पाठवण्याआधी एक निरोप पाठवा, साधारण असा: ‘शास्त्रीय नाव आणि मूळ ठिकाणाची नोंद काय? तुम्ही कुणाकडून आणि कधी घेतले? त्याच टाकीत दुसरे पिल्लं देणारे मासे आहेत का, पूर्वी होते का? आजचा जीएच, केएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) आणि तापमान आकड्यांत सांगा. काय खातात? जंतांचं औषध दिलं असेल तर कोणतं, कधी? आज खायला घालतानाचा व्हिडिओ मिळेल का?’

‘पाणी नॉर्मल आहे’, ‘सगळं चालतं, हार्डी मासे आहेत’ असं उत्तर आलं की तो माणूस सोडा. ज्याने स्वतःच्या पाण्याची मोजणी केलेली नाही, त्याच्या टाकीत काय आहे ते त्यालाही ठाऊक नसतं. उलट ‘या आठवड्यात उन्हाचा कडाका आहे, पुढच्या सोमवारी पाठवतो’ म्हणणारा भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा. जाहिरातीतल्या नावांवर भिस्त ठेवू नका. लाल शेपटीचे गुडीड वर्षानुवर्षं झेनोटोका आयसेनी या एकाच नावाने विकले गेले; २०१६ मध्ये त्यांतूनच झेनोटोका डोआड्रिओई आणि झेनोटोका लायन्साय या दोन नव्या जाती वेगळ्या झाल्या. ठिकाणाची नोंद असलेल्या पाळणाऱ्याने फक्त लेबल बदललं. नोंद नसलेला आजही अंदाज बांधतोय.

व्हिडिओत रंग शेवटी बघा. आधी पंख मिटलेले आहेत का ते पाहा. मग पोट आत गेलंय का, डोक्यामागची पाठ खपाटीला लागलीय का, कणा वाकलाय का. मासा जागच्या जागी थरथरत, पुढे न सरकता पोहत असेल तर ते पाण्यातल्या खनिजांच्या कमतरतेचं किंवा थंडीचं लक्षण. शेवटी गुदद्वारावर नजर टाका, ते का ते पुढे येईलच. नर ओळखायला गुदपर, म्हणजे गुदद्वारामागचा खालचा पर, बघा. गुडीडच्या नरात त्याचे पुढचे काटे आखूड असतात आणि मागच्या भागापासून एका खाचेने तुटलेले दिसतात. स्प्लिटफिन हे नाव त्यावरूनच पडलं. गप्पीच्या नरासारखी लांब नळी शोधत बसलात तर सगळ्या माद्याच वाटतील.

पॅकिंगबद्दल थोडक्यात. पाठवण्याआधी २४ ते ४८ तास मासे उपाशी हवेत. पिशवीत पाणी एक तृतीयांश, बाकी ऑक्सिजन, पिशवी दुहेरी आणि खालचे कोपरे बांधून गोल केलेले, नाहीतर छोटी पिल्लं कोपऱ्याच्या घडीत अडकून मरतात. वाढलेला मासा एका पिशवीत एक, दोन-अडीच सेंटिमीटरची पिल्लं तीन-चार. हवा आरपार जाऊ देणाऱ्या ब्रीदर पिशव्या असतील तर नियम उलटे: त्या पूर्ण पाण्याने भरायच्या, आत हवा नको, दुहेरी बांधायच्या नाहीत, आणि दोन पिशव्यांच्या मध्ये कागद ठेवायचा, कारण प्लॅस्टिकला चिकटलेल्या बाजूने हवा जात नाही. पेटी थर्मोकोलची. उष्णता देणारं पाकीट फक्त कडाक्याच्या थंडीत, झाकणाला कागदात गुंडाळून, पिशवीला न टेकवता. गुडीड १८ ते २२ अंशांत प्रवास करतात तेव्हा श्वास कमी लागतो आणि पाण्यात ऑक्सिजनही जास्त राहतो. ‘ऊब राहावी म्हणून’ दोन पाकिटं टाकणारा विक्रेता त्यांना शिजवून पाठवतो.

जिवंत पोचण्याच्या हमीची अट आधीच वाचा. बहुतेक ठिकाणी मेलेल्या माशाचा फोटो न उघडलेल्या पिशवीत, पोचल्यापासून ठरावीक तासांत मागतात, आणि कुरिअरचा खर्च परत मिळत नाही. पेटी उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढून ठेवा. परदेशातून मागवणार असाल तर परवाना आणि आरोग्य दाखल्याचे नियम आधी पाहा.

आता मागच्या वेळी काय झालं. पिशवीत मासे श्वास सोडतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच खाली येतो. त्याच पाण्यात त्यांचा अमोनियाही साठत असतो, पण कमी पीएचला तो जवळपास सगळा अमोनियम या बिनविषारी रूपात राहतो. ६.५ पीएच आणि २५ अंशांवर एकूण अमोनियाचा विषारी भाग जेमतेम ०.२ टक्के असतो. तुम्ही पिशवी उघडली, वायू उडून गेला, वरून जास्त पीएचचं पाणी थेंबथेंब मिसळू लागलं, आणि पीएच चढत गेला. पीएच ८ ला तोच विषारी भाग पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे पंचवीस-तीस पट. तुमच्या ७.२ च्या पाण्याने तो इतका चढला नसेल, पण दोन दिवसांच्या पिशवीत अमोनिया एवढा साचलेला असतो की याहून कमी वाढही कल्ले जाळायला पुरते. मासे दीड तास त्याच पाण्यात होते. सकाळपर्यंत त्याचा परिणाम दिसला.

म्हणून दूरवरून आलेल्या पिशवीला थेंबथेंब पाणी द्यायचं नाही. पिशवीला टाकीकडे आणण्याऐवजी टाकीलाच आधी विक्रेत्याच्या पाण्यासारखी करून ठेवायची. त्याने जीएच, केएच, टीडीएस सांगितलेत, ते याचसाठी विचारायचे होते.

समजा त्याचा जीएच १२ आणि केएच ६ आहे, तुमचा ४ आणि ३. क्वारंटाइनसाठी, म्हणजे नव्या माशांना आधी वेगळं ठेवायच्या टाकीसाठी, ४० लिटर पाणी घेतलंत तर ६.३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, ३.५ ग्रॅम एप्सम सॉल्ट आणि ३.६ ग्रॅम खायचा सोडा लागेल. हिशेब असा: १०० लिटरला जीएच एक अंशाने वाढवायला २.६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड किंवा ४.४ ग्रॅम एप्सम सॉल्ट, आणि केएच एक अंशाने वाढवायला ३ ग्रॅम सोडा. वाढवायच्या जीएचचे तीन भाग कॅल्शियमने आणि एक भाग एप्सम सॉल्टने भरा. प्रत्येक गोष्ट वेगळ्या मगात विरघळवून ओता. कॅल्शियम आणि सोडा दाट असताना एकत्र झाले की दुधासारखा पांढरा गढूळपणा येतो आणि दोन्ही वाया जातात. साधं मीठ घालून जीएच वाढत नाही. वाढतो तो टीडीएस, आणि मीटर पाहून माणूस समाधान मानतो. हे सगळं मासे यायच्या आदल्या दिवशी करा, आणि पुढे पाणी बदलताना नवं पाणीही याच मापाचं बनवून घाला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर तो घालवणारं औषध आधी.

पेटी आली की खोलीतला उजेड कमी करा. पिशवी न उघडता वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, तेवढ्यात तापमान जुळतं. मग कापा, टीडीएस मीटर बुडवून आकडा पाहा. तो टाकीच्या आसपास असेल तर थांबू नका. बादलीवर जाळी धरून पिशवी ओता आणि जाळीतले मासे सरळ टाकीत सोडा. पिशवीचं पाणी बादलीतच राहू द्या, ते गटारात जाईल. कापल्यापासून सोडेपर्यंत दोन-तीन मिनिटं लागावीत. पिशवीचा टीडीएस टाकीच्या दुपटीने असेल तर मात्र घाई करू नका, कारण जड पाण्यातून हलक्या पाण्यात एकदम गेलेला मासा सूज येऊन मरतो. अशा वेळी टाकीचंच थोडं पाणी वेगळ्या भांड्यात घ्या, त्यात वरच्याच क्षारांनी टीडीएस पिशवीइतका करा, अमोनिया बांधणारं औषध घाला, मासे जाळीने त्यात हलवा आणि मग तासाभरात थेंबथेंब टाकीचं पाणी द्या. हेच थेंबथेंब आता चालतं, कारण पाण्यात साचलेला अमोनिया नाही.

पहिल्या दिवशी खाणं नाही, दिवाही नाही. दुसऱ्या दिवशी चिमूटभर. पहिला आठवडा अमोनिया रोज मोजा आणि शून्यावर दिसला नाही तर त्याच दिवशी पाणी बदला.

क्वारंटाइन चार आठवड्यांपेक्षा कमी नको. ते कशासाठी, तर मुख्यतः कॅमॅलॅनस जंतासाठी. पिल्लं देणाऱ्या माशांत तो फार आढळतो. मासा शांत उभा असताना मागून बघा: गुदद्वारातून दोन-चार मिलिमीटरचे गडद लाल दोरे बाहेर लोंबतात आणि मासा हलला की आत जातात. विष्ठा अशी आतबाहेर करत नाही. नुकत्याच जन्मलेल्या गुडीडच्या पिल्लांच्या मागेही फिती लोंबतात, पण त्या फिक्या असतात आणि एक-दोन दिवसांत गळून जातात. त्यांना जंत समजून औषध घालू नका.

लाल दोरे दिसले तर लेव्हॅमिसोल हायड्रोक्लोराइड, लिटरला २ मिलिग्रॅम. ४० लिटरला ८० मिलिग्रॅम. इथे दोन चुका होतात. एक, टाकीच्या काचेच्या मापावरून ४० लिटर धरतात, आत पाणी खरं ३४ लिटरच असतं. दोन, जनावरांसाठी मिळणारी पावडर बऱ्याचदा निव्वळ औषध नसते. दहा टक्क्यांची असेल तर ८० मिलिग्रॅम औषधासाठी ८०० मिलिग्रॅम पावडर घालावी लागते. औषध उजेडाने उतरतं, म्हणून २४ तास टाकी झाका. लेव्हॅमिसोल जंत मारत नाही, लुळे करून बाहेर पाडतं. तळ पाइपने खेचून घेतला नाही तर मासे तेच जंत परत वेचून खातात. नंतर निम्म्याहून जास्त पाणी बदला, आणि तीन आठवड्यांनी हाच डोस पुन्हा, कारण पहिल्या वेळी सुटलेल्या अळ्या तोवर मोठ्या होतात. या काळात जाळी आणि पाइप दुसऱ्या टाकीत वापरू नका.

खाण्याचं फारसं कौतुक करायला नको. टकीला सर्वभक्षी आहे. स्पिरुलिना असलेलं फ्लेक, आठवड्यातून दोनदा डॅफ्निया किंवा आर्टेमिया हे पाण्यातले बारीक जीव. पिल्लं सेंटिमीटरच्या पुढची जन्मतात आणि पहिल्या दिवसापासून चुरलेलं फ्लेक खातात. तरंगती वनस्पती आणि जावा मॉस दाट ठेवा, मोठे मासे भुकेले असले तर पिल्लांवर हात मारतात. दुसऱ्या जातीचे गुडीड त्याच टाकीत घालू नका आणि टाकीवर शास्त्रीय नाव, ठिकाण, कुणाकडून आणि कधी घेतले हे लिहून चिकटवा. कुणाला पिल्लं दिलीत तर तीच चिठ्ठी बरोबर द्या. जास्त झाली म्हणून नदी-तळ्यात मात्र कधीही सोडू नका.

एक काम आजच सुरू करा. नवा स्पंज फिल्टर तुमच्या चालू टाकीत लावून ठेवा, म्हणजे चार आठवड्यांत त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू बसतील आणि क्वारंटाइनला तयार स्पंज मिळेल. पण त्याआधी गप्पी आणि प्लॅटींना मागून नीट बघून घ्या. लाल दोरे तिथेच दिसले तर पहिला डोस त्यांना, आणि ऑर्डर दोन महिने पुढे.